बुटांच्या दुकानाबाहेर

मास्तरांनी पडदा सरकवला आणि समोर भिंत दिसली.

चांगली धडधाकट भिंत होती. तिच्यावरून एक पाइप खाली उतरला होता आणि पाइपाला कुणीतरी फडकं बांधून ठेवलं होतं. फोटोत याच खिडकीतून नदी दिसत होती. नदीत होडी होती, होडीत माणसं होती आणि त्यातलं एक माणूस हात हलवत होतं. मास्तरांनी मान बाहेर काढून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. नदीचा पत्ता नव्हता.

फोन वाजला. लेकीचा होता.

"पोचलात ना नीट? खोली कशी आहे?"

"छान आहे."

"नदी दिसते?"

मास्तर फडक्याकडे बघत म्हणाले, "जवळच आहे म्हणे."

"बाबा, दिसते की जवळ आहे?"

"अगं, आत्ता येतोय. जरा पाठ तर टेकू दे."

तक्रार करायची नाही, हे त्यांनी विमानात बसतानाच ठरवलं होतं. तक्रार केली की लेक लगेच म्हणणार, मग खाली काउंटरवर जाऊन सांगा ना. आणि मास्तरांचं घोडं नेमकं तिथेच अडत होतं.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. कापायचं काम मास्तरांचं आणि बोलायचं काम बायकोचं. माप ती घ्यायची, ट्रायल ती द्यायची, उशीर झाला तर बोलणीही तीच खायची. मास्तर पडद्यामागे कापायच्या टेबलापाशी उभे राहून कात्री चालवत सगळं ऐकायचे. गिऱ्हाइकं मासिकातलं चित्र घेऊन यायची आणि म्हणायची, अस्संच पाहिजे. ती आधी चित्र निरखायची, मग गिऱ्हाइकाला निरखायची आणि म्हणायची, "ड्रेस चित्रातला होईल हो. चित्रातली बाई होणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवते." गिऱ्हाईक हसायचं. एकदा हसलं की नंतर कुरकुर करायचं नाही. काम गुरुवारी तयार असायचं, पण सांगताना ती शनिवार सांगायची.

आणि हीच शहाणी बाई स्वतः मात्र एका चित्राला भुलली. गिऱ्हाइकानं आणलेल्या एका मासिकात परदेशातल्या शहराचा फोटो होता. तिथे म्हणे एक बाजार भरतो आणि त्यात नुसते कापडाचे उरलेले तुकडे विकतात. रंगांचे ढीगच्या ढीग. तिनं ते पान फाडून मशीनच्या वर चिकटवलं. "मला इथे जायचंय," म्हणाली.

"चिंध्या बघायला एवढ्या लांब? टेबलाखाली वाकून बघ की."

"टेबलाखालच्या तुमच्या आहेत. त्या बघून बघून डोळे गेले माझे."

शेवटी लेकीनं दोघांची तिकिटं काढली, नदी दिसणारं हॉटेल ठरवलं. मग बायको आजारी पडली, आणि तिकिटावरची तारीख यायच्या आत गेली.

घरात माणसं येऊन गेली, जेवणाचे डबे येऊन गेले आणि एक दिवस लेक समोर येऊन बसली.

"बाबा, एकट्यानं राहायचं म्हणजे नुसता स्वयंपाक येऊन चालत नाही. बोलावं लागतं. बँकेत, डॉक्टरकडे, गॅसवाल्याशी. तुम्ही दाराशी आलेल्या माणसाकडे आतून बघता आणि गप्प बसता. परवा गॅसवाला परत गेला की नाही?"

"त्यानं एकदाच बेल वाजवली."

"आई असती तर जिन्यातून ओढून आणला असता."

जावई भला माणूस. तो म्हणाला, "आमची मागची खोली रिकामीच आहे, बाबा." ती खोली मास्तरांना माहीत होती. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, मोडका कूलर होता आणि ज्यांना दुसरीकडे जागा नाही अशा सगळ्या वस्तू होत्या.

"मी तिकडे जाऊन येतो," मास्तर म्हणाले.

"कुठे?"

"परदेशात. आईचं तिकीट रद्द कर. माझं राहू दे."

लेक आधी हसली, मग रागावली, मग रडली. एवढं सगळं झाल्यावर म्हणाली, "ठीक आहे. एकटे जा, एकटे फिरा, एकटे परत या. मग मी तुमचं ते घर सोडायचं नाव काढणार नाही. पण तिथून तुम्हाला सोडवायची पाळी माझ्यावर आली, तर आल्या आल्या सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल."

"आणि तिथे जाऊन फार अपेक्षा ठेवू नका."

अपेक्षा कसली ठेवतोय, असं मास्तरांना वाटलं होतं. पण नदीची ठेवली होती, हे भिंत बघितल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाश्त्याला खाली गेले. सगळी टेबलं दोघादोघांची. मास्तर एका टेबलाशी बसले. समोर रिकामी खुर्ची, तिच्यापुढे पालथी घातलेली कपबशी. वेटर आला, त्यानं खुर्चीकडे पाहिलं आणि समोरची कपबशी उचलून घेऊन गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांनी तोंड उघडलंही, पण तोवर वेटर तिसऱ्या टेबलाशी पोचला होता. मग त्यांनी पाव खाल्ला. पाव इतका कडक होता की बाकीची टेबलं वळून बघायला लागली.

फोन चार्ज करायला गेले तर भिंतीतल्या भोकांत पिन बसेना. वेगळ्या आकाराची भोकं. यावर काहीतरी जोड मिळते, हे त्यांना माहीत होतं. काउंटरवर जाऊन मागायची, एवढंच. काउंटरवर वाकडा टाय लावलेला एक माणूस होता. मास्तरांना त्या टायची गाठ बघवत नव्हती. टायवाला तोंडभर हसून म्हणाला, "येस, सर?" मास्तरांनी काउंटरवरच्या गठ्ठ्यातला एक नकाशा उचलला, मान हलवली आणि परत फिरले. दुपारी पुन्हा गेले. पुन्हा "येस, सर?" पुन्हा एक नकाशा. संध्याकाळपर्यंत खोलीत बरेच नकाशे जमले आणि फोनमधला जीव निम्म्यावर आला.

तिसऱ्या दिवशी गेले, तर बायकोनं बघायचं ठरवलेली बाग बंद होती. फाटकाला पाटी लावली होती आणि आत माणसं फरशा उखडत होती. किती दिवस बंद, ते पाटीवर लिहिलं असणार, पण कुणाला वाचता येतंय? होडीच्या रांगेत उभे राहिले, तर तिकिटाच्या खिडकीपाशी पोचल्यावर आतल्या बाईनं काहीतरी विचारलं. मास्तरांनी मान डोलावली. तिनं पुन्हा विचारलं. मास्तरांनी पुन्हा मान डोलावली. मागचा माणूस उसासे टाकायला लागला, तसे मास्तर रांगेतून बाहेर पडले.

'बघ,' ते मनात बायकोला म्हणाले. 'बघ काय पदरात टाकून गेलीस. गिऱ्हाइकांना सगळं आधी सांगायचीस. मला काय सांगितलंस? खिडकीतून नदी दिसेल. बागेत बसू. होडीत तुम्ही घाबराल आणि मी हसेन. माझ्या मापाचं यात काय होतं गं? आणि या सगळ्या शिवणीत कुठे बोटभर माया सोडलीस का, उद्या उसवून मोठं करायची वेळ आली तर?'

ती असती तर म्हणाली असती, अहो, तिकीटवालीला हो म्हणायच्या आधी काय विचारते ते तर बघा.

राहता राहिला तो तुकड्यांचा बाजार. तो एकदा बघितला की आपण मोकळे, असं मास्तरांनी ठरवलं. तो बघायचा, परत यायचं, विमानात बसायचं आणि घरी जाऊन कुलूप उघडायचं. लेकीनं आधीच समजावून ठेवलं होतं की हॉटेलपाशी ट्रामचा शेवटचा थांबा आहे, तिथे बसायचं आणि पूल आला की उतरायचं. सकाळी ऊन होतं म्हणून मास्तरांनी जाड कोट सोडून पातळ कोट घातला. खिशात नकाशा घेतला, पिशवीत तिचं ते मासिकाचं पान घेतलं. फोनही घेतला, पण त्यात आता अगदी धुगधुगी राहिली होती.

पूल आला, मास्तर उतरले. समोर बाजार नव्हता. पूल ओलांडून पलीकडे गेले, तिथेही नव्हता. मग नदीच्या काठानं बघितलं तर पुढे आणखी एक पूल, त्याच्यापुढे आणखी एक. म्हणजे पुलांचा सुकाळ होता आणि लेकीनं नुसतं पूल म्हणून सांगितलं होतं. मास्तर चालत राहिले. एक गल्ली बरी वाटली म्हणून तिच्यात शिरले, ती वळली, तसे तेही वळले. नंतर परत नदीकडे यायला निघाले तर नदीच सापडेना. एवढी थोरली नदी, पण जिथे पाहिजे तिथे नाही.

त्यांनी फोन काढला. पडदा काळा. मग नकाशा काढून उलगडला. त्यात मधोमध हत्ती होता. डावीकडे सिंह, उजवीकडे अस्वलं, आणि बाणाबाणांनी दाखवलेला पाणवठा. मास्तर तीन दिवस काउंटरवरून प्राणिसंग्रहालयाचा नकाशा उचलून आणत होते.

हॉटेलचं कार्ड? ते जाड कोटाच्या आतल्या खिशात. त्या खिशाला बटण बायकोनंच लावून दिलं होतं, वस्तू पडू नये म्हणून. वस्तू पडली नव्हती. कोटासकट खुंटीवर सुखरूप होती. आणि हॉटेलचं नाव लांबलचक होतं. ते लेकीनं चारदा म्हणून घेतलं होतं आणि मास्तरांनी चारदा हूं म्हटलं होतं.

तेव्हा मास्तरांनी तेच केलं, जे ते आयुष्यभर करत आले होते. रस्त्याच्या कडेला एक दुकान बघितलं, कुणाच्या वाटेत येणार नाही असे त्याच्या काचेजवळ सरकले आणि तिथे उभे राहिले.

याला कारण होतं. लग्न नवीन असताना एका प्रदर्शनात दोघांची चुकामूक झाली होती. ते तिला शोधत फिरत राहिले आणि ती त्यांना शोधत फिरत राहिली. एकाच मंडपाला दोघांनी इतक्या चकरा मारल्या की शेवटी पाणीवाल्यानं दोघांना धरून समोरासमोर उभं केलं. त्या दिवशी तिनं नियम केला. "हे बघा, पुन्हा असं झालं तर तुम्ही हलायचं नाही. टाचणी लावल्यासारखे उभे राहा. शोधायचं काम माझं. मी चारचौघांना विचारत येते." आणि ती यायची. स्टेशनात, लग्नाच्या कार्यालयात, दवाखान्याच्या लांबच लांब व्हरांड्यात, प्रत्येक वेळी यायची. पदर खोचलेला, हातात दोन पिशव्या, आणि लांबूनच "काय, उभे का पुतळ्यासारखे?" मास्तरांचं काम फक्त न हलायचं, आणि ते त्यांनी चोख केलं होतं.

आताही ते चोख करत होते. पिशवी डाव्या हातात, म्हणजे उजवा हात तिची पिशवी घ्यायला मोकळा. दुकान बुटांचं होतं. बायका आत जात होत्या, खोके घेऊन बाहेर येत होत्या. मास्तर रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होते. दुकानावरच्या कापडी छपराची सावली आधी त्यांच्या बुटांवर होती, ती हळूहळू सरकून भिंतीकडे गेली. मास्तरांचं डोकं तापायला लागलं. पाय दुखायला लागले. भूक लागली.

'किती उशीर,' त्यांना वाटलं. 'एखाद्या माणसाला उन्हात असं किती वेळ उभं करायचं? काही विचार?'

आणि मग त्यांना कळलं की आपण कुणावर चिडलोय.

ते हलले नाहीत. हलता आलंच नाही. घरी इतके दिवस लोक भेटायला येत होते, गेली, गेली म्हणत होते, आणि मास्तर हो, हो म्हणत होते, होडीच्या खिडकीवर म्हटलं तसं. आता या अनोळखी फुटपाथावर, बुटांच्या काचेला टेकून, त्यांना पहिल्यांदाच नीट समजलं. कोपऱ्यावरून कुणी येणार नव्हतं. आज उभे राहा, उद्या उभे राहा, ते छप्पर गुंडाळून ठेवेपर्यंत उभे राहा.

दुकानाचं दार उघडलं. एक बाई बाहेर आली. चाळिशीची, जाडसर, खिशात बूट चढवायची पट्टी खोचलेली. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मास्तरांनी सवयीनं मान डोलावली. तिनं आत बोट दाखवलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "वाइफ?"

मास्तरांनी पुन्हा एकदा कोपऱ्याकडे बघितलं.

बाईनं हातवारे करत सांगितलं ते साधारण असं होतं. नवरे असेच बाहेर उभे राहतात, रोजच. मी काही बोलत नाही. पण आतल्या सगळ्या बायका गेल्या. दुकान रिकामं आहे. तुमची कुठली?

"नो," मास्तर म्हणाले. पुन्हा म्हणाले, "नो वाइफ."

बाईनं भुवया वर केल्या. मग इथे काय करताय, असा त्याचा अर्थ कुठल्याही भाषेत होतो.

मास्तरांना दुकानापुरतं इंग्रजी येत होतं. लूज, टाइट, लेंथ, स्लीव्ह, ट्रायल आणि अर्जंट. एवढ्या भांडवलावर काय धंदा करणार? पण समोर बाई उभी होती आणि ती आता परत आत जाणार होती. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली.

"हॉटेल," ते म्हणाले. "अर्जंट."

"कुठलं हॉटेल?"

इथेच तर सगळं अडलं होतं. मास्तरांना त्या हॉटेलचं एवढंच आठवत होतं की शेजारी धोब्याचं मोठं दुकान आहे, गोल काचांची मशिनं फिरत असतात. त्यांनी हवेत कपडे चोळले, पिळले, झटकले, हातानं मशीन फिरवलं. बाईचा चेहरा एकदम उजळला. तिनं मास्तरांच्या कोटाकडे पाहिलं, समजुतीनं मान हलवली, बोटानं दोन गल्ल्या दाखवल्या आणि दार लावून घेतलं.

मास्तर पिशवी उचलून गेले. दोन गल्ल्यांपलीकडे खरंच धोब्याचं दुकान होतं. पण लहान, आणि शेजारी हॉटेल नाही, भिंतच. या शहराला भिंतींची फार हौस. आतला माणूस कोटासाठी हात पुढे करून उभा राहिला.

"कोट नाही हो," मास्तर मराठीतच म्हणाले. "हॉटेल. हॉटेल!"

त्या माणसानं खांदे उडवले आणि पुन्हा कोट मागितला. जरा ओढलाच. मास्तरांनी कोट घट्ट धरला आणि बाहेर पडले.

आता त्यांना एवढा संताप आला होता की लाजायला जागाच उरली नव्हती. रस्त्यावरून कुत्रं घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी आडवं जाऊन थांबवलं. "ट्राम?" म्हाताऱ्यानं काठीनं दिशा दाखवली. ट्रामच्या थांब्यावर एका मुलीला विचारलं, "ट्राम, लास्ट?" आणि हातानं गोल फिरवून दाखवलं, म्हणजे जिथे ट्राम वळून परत फिरते ते. मुलगी समोरून येणाऱ्या ट्रामकडे बोट करून हो म्हणाली. मास्तर बसले. ट्राम गेली, गेली आणि शेवटी वळली. मास्तर उतरले. समोर एक कारखाना होता.

अर्थातच. ट्रामला दोन टोकं असतात.

ड्रायव्हर खाली उतरून डब्यातलं काहीतरी खात होता. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांचा बांध फुटला. "अहो, इथला एक तरी माणूस धड सांगणार आहे का? नदी दाखवतात आणि भिंत देतात! बाग दाखवतात आणि फरशा उखडतात! हत्तीचा नकाशा ठेवतात हॉटेलात! मला ते दुसरं टोक पाहिजे, तिकडचं! तिकडचं!" आणि त्यांनी ट्रामच्या मागच्या तोंडावर दोन चापट्या मारल्या.

ड्रायव्हरचा घास तोंडातच राहिला. मास्तरही चपापले. आपला आवाज एवढा मोठा आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. दुकानात तो कधी लागलाच नव्हता, पडद्यापुढे तिचा असायचा.

ड्रायव्हरनं घास गिळला, मास्तरांना बाहीला धरून आपल्या सीटच्या मागे बसवलं आणि डबा बंद केला. वाटेत तो जरा जरा वेळानं मागे बघायचा, हा पुन्हा ओरडतोय की काय म्हणून. दुसरं टोक आलं. गोल काचांची मशिनं फिरत होती, शेजारी हॉटेल होतं. मास्तरांना ते बघून आनंद झाला असं काही नाही. पाय सुजले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. पण ड्रायव्हरनं उतरताना हात पुढे केला, तेव्हा तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

आत शिरले तर वाकड्या टायवाला धावतच आला. लेकीनं सकाळपासून किती वेळा फोन केले होते, ते त्यानं बोटांवर दाखवायचा प्रयत्न केला आणि बोटं कमी पडली म्हणून सोडून दिला. काउंटरवरचा फोन उचलून त्यानं नंबर फिरवला आणि मास्तरांच्या हातात दिला.

"बाबा!" लेकीचा आवाज बसला होता. "कुठे होतात? फोन बंद! मी पोलिसांना कळवणार होते! यांनी तर बॅग भरायला घेतलीय, तिकडे यायला!"

"फोन चार्ज होत नाही. पिन बसत नाही."

"तीन दिवस? आणि मागितली नाहीत कुणाकडे दुसरी?" ती एकदम थांबली. "मला माहीत होतं. म्हणूनच म्हणत होते मी. हरवलात ना?"

मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. बाजारात रमलो, असं सांगता आलं असतं. ती तिकडे, ते इकडे, कोण बघायला होतं? पण दिवसभर मान डोलावून डोलावून त्यांना वीट आला होता.

"हरवलो," ते म्हणाले. "चांगला हरवलो."

"मग, बाबा, ठरलं होतं आपलं..."

"सोडवायची पाळी आली तर, असं ठरलं होतं. तू सोडवलंस का मला?"

"नाही."

"जावयांनी?"

"ते बॅगच भरतायत अजून."

"मग काढायला सांग त्यांना कपडे."

"मग कुणी आणून सोडलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आलो विचारत विचारत."

"कोण विचारत?"

"आता इथे माझ्याशिवाय दुसरं कोण आहे?"

लेक हळूच म्हणाली, "तुम्ही विचारलंत? कुणाला?"

"आधी बुटांच्या दुकानातल्या बाईला. तिला वाटलं, माझी बायको आत आहे." मास्तरांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "तिला सांगितलं, नाहीये म्हणून."

लेक रडत होती की नाक ओढत होती, ते कळायला मार्ग नव्हता. टायवाला कौतुकानं बघत उभा होता. मास्तरांनी फोन खांद्यात धरला, हात लांब करून त्याच्या टायची गाठ सरळ केली आणि भिंतीतल्या भोकांकडे, मग आपल्या मेलेल्या फोनकडे बोट दाखवलं. टायवाल्यानं खणातून जोड काढून समोर ठेवली. एवढंच काम होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "गॅसवाल्याचा फोन आला होता. पुन्हा कधी येऊ विचारत होता."

"मग? काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं. म्हटलं, बाबा परत आले की तेच बोलतील." मग जरा नेहमीच्या आवाजात, "बाजार बघितलात का तो?"

"कुठला बाजार? पुलापुढे पूल आहेत इथे. तुझ्या आईनं चित्र बघितलं आणि तू पूल सांगितलास. थांब, ठेवू नकोस."

मास्तरांनी पिशवीतून मासिकाचं पान काढलं. मशीनच्या वर राहून राहून ते पिवळं पडलं होतं, कोपऱ्याला तेलाचा डाग होता. त्यांनी ते काउंटरवर पसरलं आणि त्या रंगीत ढिगांवर बोट ठेवलं.

"हे," ते टायवाल्याला म्हणाले. "कुठे? टुमॉरो."

टायवाल्यानं पान बघितलं, ओळखलं आणि दुःखी चेहरा करून दोन्ही हात एकमेकांवर आडवे धरले. उद्या बंद.

"बंद म्हणतोय," मास्तर फोनमध्ये म्हणाले. "बघ. हे असं आहे इथलं सगळं."

"मग राहू द्या, बाबा."

"राहू द्या काय?" मास्तर काउंटरवर आणखी पुढे वाकले. "परवा?" त्यांनी टायवाल्याला विचारलं. त्यानं मान डोलावली. मास्तरांना त्या डोलावण्याचा भरवसा वाटला नाही. स्वतः आयुष्यभर डोलावली होती. त्यांनी पानावर पुन्हा बोट आपटलं आणि दारातून दिसणाऱ्या ट्रामकडे हात केला.

"कुठला पूल?" ते म्हणाले. "नीट सांगा. पहिला, दुसरा, की तिसरा?"